शेवटची चादर आधी

माझ्या वहिनीचं नाटक मी एकशे सव्वीस वेळा ऐकलं आणि एकदाच पाहिलं. कारण मी प्रॉम्प्टर. विंगेत अंधारात खुर्ची टाकायची, मांडीवर संहिता घ्यायची, छोटा दिवा लावायचा आणि नटाचं वाक्य अडलं की पुढचे दोन शब्द हळूच पुरवायचे, एवढंच माझं काम. यात नटाकडे बघायचं नसतं. बघत बसलं की माणूस रंगतो, रंगला की बोट ओळीवरून सुटतं, आणि नट नेमका तेव्हाच अडतो.

त्याआधी एकतीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासली. ओळीवर बोट ठेवून चालायची सवय तिथली. दुसऱ्याच्या चुका काढायची सवय त्याहून जुनी, कारण मी नणंद आहे.

नाटकात माणूस एकच, माझी वहिनी. सव्वा तास एकटी बोलते. इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करणारी एक बाई नऊ चादरींना इस्त्री करते आणि घर सोडून गेलेल्या आपल्या मुलीशी बोलते. इस्त्री खरी, तापलेली. चादरी खऱ्या, चुरगळलेल्या. रंगमंचावर एक टेबल, एक टोपली आणि एक पेला पाणी, बस्स. नाटक माझ्या दादाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने बसवलं होतं. दादा जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच, ती त्रेसष्टची आणि मी सहासष्टची.

एवढं पाठांतर कसं राहतं, असं तिला सगळे विचारतात. ती म्हणते, "माझं पाठांतर टोपलीत असतं." ते खरंच आहे. प्रत्येक चादरीवर एक खूण आहे आणि प्रत्येक खुणेला नाटकाचा एक तुकडा बांधलेला आहे. पहिली कोरी पांढरी, मुलगी जन्मली तेव्हाची. चौथीला डोळ्यांची दोन भोकं, मुलीने भूत व्हायला कापलेली. सहावीवर इस्त्रीचा जळका डाग. आठवीवर दाराच्या कडीचा गंज. आणि नववी छोटी, पिवळ्या काठाची, पाळण्यातली. आधीच्या आठ चादरींवर ती बाई सगळ्या जगाला दोष देते. मुलगी आपल्या पायांनी गेली म्हणते. नववी हातात आली की खरं बोलते.

चादर हातात आली की वहिनीच्या तोंडात शब्द येतो. म्हणून टोपली भरणं हे जबाबदारीचं काम, आणि ते अकरा वर्षं माझ्याकडे. त्यात एकच गोम आहे. शेवटची चादर आधी घालायची. नववी तळाशी, तिच्यावर आठवी, असं करत पहिली सगळ्यात वर.

आता माझ्या लाल पेन्सिलीबद्दल सांगते. प्रयोगात वहिनी कुठे अडखळली तर मी संहितेच्या समासात लाल खूण करायची. दहा वर्षं नऊ महिने समास स्वच्छ होता. गेल्या तीन महिन्यांत तीन खुणा झाल्या. एकदा पाचव्या चादरीपाशी ती थांबली. एकदा सुरुवातीलाच थांबली. एकदा चौथीपाशी इतकी थांबली की मी वाक्य पुरवलं, तर तिने ते घेतलंच नाही, स्वतःचंच काहीतरी भलतं बोलून पुढे गेली.

घरातही तिचं तेच चाललंय, असं मला वाटत होतं. कपाटाची किल्ली फ्रिजमध्ये सापडली. रिकामं पातेलं गॅसवर जळून काळं झालं. मी तिला चांगलं फैलावर घेतलं. ती नुसती म्हणाली, "होतं असं, ताई." पातेलं घासत बसली बिचारी तासभर.

तेव्हा निर्मात्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, खरं सांगा, बाई विसरायला लागल्यात का?" मी खरं सांगितलं. संहिताच काढून दाखवली. प्रुफात चूक दिसली की खूण करायची आणि मालकाला दाखवायची, इथवर मला कळतं. त्या रात्री वहिनीच्या ताटासमोर बसून जेवताना घास गिळवला नाही, हेही सांगायला हवं.

निर्माते म्हणजे आमचे घड्याळसाहेब. माणूस वाईट नाही, पण बोलताना सारखा मनगटाकडे बघतो, म्हणून मी ठेवलेलं नाव. पुढच्या महिन्यात पाच शहरांचा दौरा होता. साहेबांनी निकाल दिला की रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला ते स्वतः पहिल्या रांगेत बसतील. वहिनीने कानात यंत्र घालायचं, मी विंगेतून छोट्या माइकवर प्रत्येक वाक्य आधी वाचायचं. प्रयोग बिनचूक झाला तर दौऱ्याला वहिनी जाईल. पुन्हा अडखळली तर भूमिका एका तरुण नटीला द्यायची. ती नटी पंधरा दिवस पाठांतर करत होती. पोरगी गोड होती, त्यामुळे तिचा रागही धड करता येईना.

कानात यंत्र म्हटल्यावर वहिनी भडकेल असं मला वाटलं होतं. तिने ते तळहातावर घेऊन बघितलं, एवढंच.

"कुणी सुचवलं हे?" तिने विचारलं.

"साहेबांनी," मी म्हटलं. खोटं नव्हतं, पण अर्धं होतं.

"बरं," ती म्हणाली. "वन्सं कानात बोलणार म्हणजे माझा संसार पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला म्हणायचा." मला वन्सं ती फक्त चिडवायचं असलं की म्हणते. एरवी ताई.

रविवारी तीनला आम्ही थिएटरात पोहोचलो. वहिनी आरशासमोर बसली. तिचा मेकअप म्हणजे चेहऱ्यावरचा रंग काढून टाकणं. तोंड धुवायचं, केस घट्ट बांधायचे, मळका एप्रन चढवायचा. मग ती दोन्ही हात गरम पाण्यात बुडवून बसते, कारण धुलाईवाल्या बाईचे हात लाल आणि सुजलेले दिसायला हवेत. पहिल्या रांगेपलीकडे ते कुणाला दिसत नाहीत. मी हे तिला अकरा वर्षांत किमान शंभरदा सांगितलं असेल. ती म्हणते, "मला दिसतात ना."

इकडे माझं यंत्राशी भांडण चाललं होतं. माइक कधी खरखरायचा, कधी गप्प व्हायचा. समोरच्या विंगेत आमचा दिवेवाला त्याच्या बटणांच्या पाटीशी बसतो, तो तिथून हसत होता. त्याला डोळे दाखवून मी टोपली घेतली. डोक्यात राग होता आणि साहेबांपुढे काही चुकायला नको ही भीती होती, म्हणून मी प्रत्येक चादर उलगडून खूण बघितली आणि मोठ्याने मोजत भरली. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. थेट नवव्या चादरीपर्यंत. एकही राहिली नाही याचं केवढं समाधान वाटलं मला! टोपली टेबलाशेजारी ठेवली, इस्त्रीची पिन लावली, बटण दाबलं, पेल्यात पाणी भरलं आणि खुर्चीत येऊन बसले.

चारला पडदा उघडला. मी बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

"इस्त्री तापायला वेळ लागतो," वहिनी म्हणाली. "माणसाला लागत नाही."

लोक हसले. नेहमी हसतात. मग टोपलीत हात घातल्याची सळसळ ऐकू आली, आणि त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही.

मी मनात आकडे मोजले. दोनपर्यंतची शांतता वहिनीची असते. पाचपर्यंतची प्रेक्षकांची. सातवर मी माइकवर हळूच म्हटलं, "ही पहिली, कोरी." काही नाही. मी पुन्हा म्हटलं. पहिल्या रांगेत कुणीतरी हललं, आणि ते साहेबच आहेत, मनगट बघतायत, हे मला न बघता कळलं. संपलं, मी मनात म्हटलं. गेली बिचारीची भूमिका. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, आणि ते पुसायला म्हणून मी मान वर केली.

वहिनीच्या हातात पिवळ्या काठाची चादर होती.

चूक काय झाली आणि कुणाची झाली, हे मला एकाच क्षणी कळलं. पहिली आधी घातली होती मी, म्हणून पहिली तळाशी गेली होती. अख्खी टोपली उलटी होती. ज्या चादरीवर नाटक संपतं ती तिच्या हातात सुरुवातीलाच आली होती, आणि सहाशे माणसांनी ती बघितली होती. परत टोपलीत टाकता येत नव्हती. पाळण्यातली चादर एकदा दिसली की लोक तिचीच वाट बघत राहतात.

मी समोर बघितलं. दिवेवाला बटणांवर हात ठेवून माझ्याकडे बघत होता. मी त्याला काय सांगणार?

वहिनीने कानामागची बट सारल्यासारखं केलं. यंत्र काढलं आणि एप्रनच्या खिशात टाकलं. मग चादर टेबलावर पसरली, अगदी हलक्या हाताने, काठाशी काठ लावून. आणि म्हणाली,

"ही तुझी. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की तू गेलीस. तू गेली नव्हतीस. दार मी लावलं. कडी मी घातली. तू बाहेर उभी होतीस, मी आत उभी होते, आणि मध्ये लाकडाची एक फळी होती, एवढीच. सकाळी उघडलं तेव्हा पायरीवर कुणी नव्हतं."

हे पंचावन्नाव्या पानावरचं आहे. मी धडाधड पानं उलटत शेवटाकडे गेले. नववीचा तुकडा संपला की नाटक संपतं, पुढे कोरं पान आहे. ती कोऱ्या पानावर येऊन ठेपली होती आणि घड्याळात चार वाजून नऊ मिनिटं झाली होती. नऊ मिनिटांत नाटकातलं गुपित उघडं पडलं होतं. आता उरलेला तासभर ही बाई करणार काय?

तिने चादरीची घडी घातली. टोपलीत हात घातला. गंजाचे डाग असलेली आठवी वर आली. तिने ती उजेडात धरली आणि दोन वाक्यं बोलली. ती संहितेत कुठेच नाहीत.

"आता तुला खरं काय ते कळलं. पण लोकांना मी काय सांगितलं, ते ऐक."

मी संहिता मिटली. पुढे तिच्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी विंगेत हात रिकामे ठेवून बसले आणि वहिनीकडे बघितलं.

अहो, ही बाई काय करते ते मला माहीतच नव्हतं! मला वाटायचं, ती बोलते. मी अकरा वर्षं तिचं बोलणं तपासत होते, स्वल्पविराम पडला का, शब्द गाळला का. ती करते काय ते तिच्या हातांत असतं. आठवीवर ती शेजाऱ्यांना सांगते, "आपल्या पायांनी गेली हो, मी अडवलं नाही." आजवर हे ऐकून लोक हळहळायचे. आज ती खोटं बोलतेय हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती मात्र तेच वाक्य तशाच सरळ आवाजात बोलली आणि इस्त्री गंजाच्या डागावरून पुन्हा पुन्हा फिरवत राहिली, जणू आता निघेलच.

तिथून ती मागे मागे जात राहिली. सातवी, मग सहावी. प्रत्येक चादरीबरोबर मुलगी लहान होत होती. प्रत्येक तुकडा पुढच्या चादरीकडे नेणारं शेवटचं वाक्य आता चुकीच्या दिशेला बोट दाखवत होतं. ती ते गाळायची आणि तिथल्या तिथे दुसरं रचायची. "मग ती मोठी झाली" असं असेल तिथे "त्याच्या आधी" म्हणायची. काळ बदलायची, वय बदलायची, आणि हात थांबायचा नाही. छापखान्यात एका पानाचा मजकूर इकडचा तिकडे गेला तर आम्ही तिघं दिवसभर डोकं धरून बसायचो. ही नऊ तुकडे उलटे लावत होती, उभ्याने, तापलेली इस्त्री हातात धरून, सहाशे माणसांसमोर.

दिवेवाल्याने सहावीपर्यंत घाम पुसला आणि मग त्यालाही सापडलं. तो कागद बाजूला ठेवून तिच्या खांद्याकडे बघून दिवे कमीजास्त करू लागला. मी अंधारात त्याला हात जोडले.

चौथी चादर आली, दोन भोकांची. आठ वर्षांची पोर चादर पांघरून भूत होते आणि आईला घाबरवते. इथे रोज हशा पिकतो. वहिनीने चादर डोक्यावर घेतली, भोकांतून बघितलं आणि "भ्वॉ" केलं. लोक हसले. मग आतून तीच आठ वर्षांची पोर बोलली, "आई, मी आहे, घाबरू नकोस, दार उघड." हे वाक्य संहितेत आहे. पोर चेष्टेने न्हाणीघराचं दार वाजवते, एवढाच त्याचा अर्थ असायचा. आज हशा अर्ध्यातच तुटला. माझ्या शेजारी उभी असलेली कपडेपटाची बाई तोंडावर हात दाबून मागे निघून गेली.

वहिनीचा आवाज एकदाही चढला नाही. ती रडली नाही. मुलगी जशी लहान होत गेली तशी तिची पाठ सरळ होत गेली, चाल हलकी झाली, आणि पहिली कोरी चादर हातात आली तेव्हा त्रेसष्ट वर्षांची माझी वहिनी पंचवीस वर्षांची दिसत होती. खरं सांगते, दादाने तिला पहिल्यांदा घरी आणलं होतं तेव्हा मी तिच्याकडे नाक मुरडून बघितलं होतं. तेव्हाचा तो चेहरा मला समोर दिसला, आणि तो किती सुंदर होता हे मला चाळीस वर्षांनी कळलं.

तिने कोरी चादर गुंडाळून कुशीत घेतली.

"नर्स म्हणाली, मुलगी झाली. न्यायला कोण येणार आहे? मी तुझ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे." ती विंगेकडे वळली आणि हसली. "म्हटलं, आता काय, आपण दोघी."

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. दिवेवाल्याने दिवे घालवले.

टाळ्या पडल्या त्या थांबेनात. मी खुर्चीत तशीच बसून राहिले, नाक ओढत.

साहेब धावत आत आले. त्यांनी मनगटाकडे बघितलं नाही, ते मी नीट लक्षात ठेवलं आहे. "बाई, हे काय होतं?" ते म्हणाले.

मी उठले. "साहेब, चूक माझी..." एवढंच बोलले, तेवढ्यात वहिनीने माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला.

"उलटं करून बघितलं," ती म्हणाली. "मनात होतं बरेच दिवस. आधी विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हटलंच असतं! बाई, दौऱ्याला असंच करायचं. पाचही शहरांत असंच." मग ते जरा ओशाळले. "आणि ते कानातलं..."

"खिशात आहे. घेऊन जा."

त्यांच्या मागे ती तरुण नटी उभी होती. तिचे डोळे सुजले होते. तिने वहिनीचे लाल हात आपल्या हातांत घेतले आणि म्हणाली, "मला वाटलं होतं माझं पाठ झालंय." बाकी काही न बोलता ती गेली. अशा पोरीला चांगले दिवस येतील.

सगळे पांगल्यावर दिवेवाला तावातावाने आला. "काय हे ताई! मागच्या तीन वेळा निदान एकेक गोष्ट होती, बाईंनी सांभाळून घेतली. आज तर अख्खी टोपलीच..."

वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं तोंड मिटलं. पण ऐकायचं ते मी ऐकलं होतं.

"कुठल्या तीन वेळा?" मी विचारलं.

तो वायरी गुंडाळायला लागला. मी संहिता उघडली. पाचव्या चादरीपाशी लाल खूण. "इथे काय झालं होतं?" मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. छापखान्यातल्या भल्याभल्यांनी या नजरेपुढे कबुली दिली आहे.

"पाचवीच्या जागी सहावी होती," तो पुटपुटला. "दुसऱ्या वेळी इस्त्रीची पिनच लावली नव्हती. बाईंनी थंड इस्त्रीने सव्वा तास काढला."

"आणि चौथी?"

"ती टोपलीत नव्हतीच. बाईंनी तिसरीलाच दोन बोटं लावून भोकं दाखवली."

त्या दिवशी घरी गेल्यावर दोरीवर भोकांची चादर वाळत असलेली मी पाहिली होती. वहिनीचा वेंधळेपणा म्हणून तिला बोललेही होते. दिवेवाला कधी निघून गेला मला कळलं नाही. मी वहिनीसमोर जाऊन बसले.

"किल्लीपण मीच?"

"किल्लीपण."

"पातेलं?"

"जाऊ द्या ना ताई. निघालं ते घासून."

"मला सांगितलं का नाहीस? तीन महिने माझी बोलणी खाल्लीस!"

"सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी तुम्ही खुर्ची सोडली असतीत. मी ओळखते ना तुम्हाला."

"मी साहेबांकडे तुझी चहाडी केली, वहिनी. समास दाखवला त्यांना."

"माहीत आहे. खुणा लाल होत्या, त्या वाचायला मला चष्मा लागत नाही." ती केस सोडत होती. मग आरशातूनच म्हणाली, "नाटक बसवताना ह्यांनी मला विचारलं होतं, ती मुलगी कुठे आहे असं समजून बोलणार? मी म्हटलं, विंगेत. ताई बसतात तिथे. अकरा वर्षं मी तुमच्याशीच बोलतेय. तुमचं डोकं आपलं खाली, त्या कागदात. म्हटलं, रुसलेली पोर अशीच बसते, बरंय." तिने केसांतून बोटं फिरवली. "आज चादर हातात आली आणि मी खरंच घाबरले. पुढे काही सुचेना. मग तुम्ही वर बघितलंत. म्हटलं, आता हिला सांगायचंय, सगळं सांगता येईल."

मला रडू फुटलं. सहासष्टाव्या वर्षी, धुलाईच्या चादरीत तोंड खुपसून, मी मोठ्याने रडले. लाज वाटली नाही.

"बुधवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय," वहिनी म्हणाली. "घेऊन आठवडा झाला. आपण दोघी जाऊ."

मी डोळे पुसले, पेन्सिल काढली आणि तिन्ही लाल खुणांपुढे "मी" असं लिहिलं. चौथी खूण आजच्या तारखेची केली, तिच्यापुढेही लिहिलं. दुरुस्ती राहून गेलेलं प्रूफ मला हातातून सोडवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा प्रयोग होता. चादरी धुवायला वेळ नव्हता, नुसत्या चुरगाळून भरायच्या होत्या. आम्ही टोपली मध्ये घेऊन जमिनीवर बसलो. तिच्या गुडघ्यांनी कुरकुर केली, माझ्याही.

"उद्या सरळ की उलटं?" मी विचारलं.

"उद्या सरळ. उलटं दौऱ्याला. सांगा, आधी कुठली?"

पोराला विचारावं तसं तिने विचारलं. मला राग आला. "शेवटची आधी," मी म्हटलं. "एवढं कळतं मला." आणि घड्यांतली एक ओढून तिच्यापुढे धरली.

तिने चादर माझ्या हातातून घेतली, उलगडली, तोंडासमोर धरली आणि दोन भोकांतून माझ्याकडे बघितलं.

"भ्वॉ," ती म्हणाली.

मला हसू आलं. हसता हसता पुन्हा डोळे भरून आले, पण मी मान खाली घातली नाही. मग तिने पिवळ्या काठाची छोटी चादर शोधून माझ्या हातात दिली आणि मी ती टोपलीच्या तळाशी ठेवली.